आमची वाटचाल : भट्टी एक, खाती दोन

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बाबांनी भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकून जॉबवर्क सुरू केलं, तेव्हा खातं-बितं काही नव्हतं. जो मोकळा असेल तो हात लावायचा. पुढे लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेची भट्टी आली, माणसं वाढली आणि मी कामाप्रमाणे विभाग पाडले: मोल्डिंग (वाळूचे साचे), मेल्टिंग (मेटल वितळवणं), फेटलिंग (ओतीव मालाची साफसफाई), मशीन शॉप.

वाद तिथूनच सुरू झाले. कास्टिंगमधला, म्हणजे ओतीव भागातला ब्लोहोल (अडकलेल्या हवेची पोकळी) बऱ्याचदा वरून दिसत नाही, लेथवर दोन-तीन मिलिमीटर कापल्यावर उघडा पडतो. तोवर वीज, टूल, मजुरी सगळं गेलेलं. मशीन शॉप म्हणायचं, मालच खराब आला. मोल्डिंग म्हणायचं, वाळू बरोबर होती, मेटल थंड ओतलं. फाउंड्रीची, म्हणजे ओतकामाची शाबासकी टनावर, त्यामुळे जड माल आधी ओतला जायचा आणि कोल्हापूरचं गिऱ्हाईक छोट्या व्हॉल्व्ह बॉडींसाठी फोन करत राहायचं. दोन्हीकडचे मेस्त्री जिवाला लावून काम करणारे. रेषा मीच भलत्या जागी ओढली होती.

अमेरिकेतल्या ड्यू पाँटबद्दल त्या काळात वाचलं. बारूद बनवणारी ही कंपनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रंग-रसायनांत उतरली, पण कारभार जुनाच, कामाप्रमाणे विभागलेला ठेवला आणि रंगाच्या धंद्यात तोटा सोसला. १९२१ मध्ये तिने मालाप्रमाणे विभाग केले, प्रत्येकाचा नफा-तोटा वेगळा.

आम्हीही पंपाचे भाग एका खात्यात घेतले, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी दुसऱ्यात. साच्यापासून डिस्पॅचपर्यंत एकच माणूस, रिजेक्शनही त्याच्याच वहीत. पंपवाल्या मेस्त्रींनी मग न सांगता कोअरच्या (साच्यातल्या वाळूच्या गाभ्याच्या) हवेच्या वाटा तपासायला घेतल्या, ते बघून मला फार बरं वाटलं.

भट्टीचे मात्र दोन तुकडे होत नाहीत. मेटल दोन्ही खात्यांना किलोच्या दराने जातं आणि तो दर महिन्याच्या सुरुवातीलाच ठरतो. झालेल्या खर्चावर लावला असता, तर भट्टीवरची उधळपट्टी दोघांच्या माथी बसली असती. हीट (भट्टीची एक खेप) कुणाची आधी, हे सोमवारी सकाळी बसून ठरवतो, मराठीत आणि कानडीतही.

व्हॉल्व्हचं खातं वाढलंय. शिनोळी इथून जवळ, पण महाराष्ट्रात. तिथे शेड घेतली की जीएसटीच्या लेखी आमचीच कंपनी दुसरी व्यक्ती: वेगळी नोंदणी, आणि स्वतःच्याच कास्टिंगवर स्वतःला आयजीएसटीचं (आंतरराज्य जीएसटीचं) बीजक. भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसा अडकतो. म्हणून उद्यमबागेतच मागच्या गल्लीत शेड घेतली आहे. तिथे माल नुसत्या डिलिव्हरी चलनावर जातो. नवं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) तिथेच बसतंय.