बाबांच्या स्क्वाड्रनचं विमान, उलव्याच्या गच्चीवरून

नेरूळला उरणची लोकल आमच्या डोळ्यांदेखत सुटली. बाबांचे गुडघे जिन्यावर अडले, मी त्यांचा हात धरून घाई करत होते आणि खाली पोचलो तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता. या मार्गावर गाड्या मोजक्याच. एक चुकली की बसा. बाबा बाकावर टेकले, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "आपण पोचेपर्यंत उतरलेलं असेल ते."

एवढंच म्हणाले, पण माझ्या पोटात कालवलं. गेले चार दिवस हा माणूस शाळेच्या सहलीला जायचं असल्यासारखा वागत होता. पेपरातलं कात्रण घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. ११ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याचा आदला दिवस. नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर पहिल्यांदाच विमान टेकणार होतं, आणि ते होतं हवाई दलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान. मी ऑफिसात रजा टाकली. ठाण्याहून नेरूळपर्यंतचा प्रवास नेहमीसारखाच, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बाबा हवाई दलात इंजिन फिटर होते. १९७१ ला भरती झाले, १९९६ ला निवृत्त झाले. शेवटची वर्षं बडोद्याला, ११ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, ॲव्हरो या मालवाहू विमानावर. आमच्या क्वार्टरमधून विमान दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. ॲव्हरोच्या डार्ट इंजिनांची ती कानात घुसणारी किंचाळी ज्यांनी ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आई म्हणायची, ते ओरडायला लागलं की कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही. बाबा घरी आले की अंगाला रॉकेलसारखा वास यायचा. तो वास म्हणजे बाबा, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आता आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो. तिथे हवाई दलाचं ठाणं आहे, पण विमान नाही. बाबा संध्याकाळी त्या भिंतीच्या कडेने फिरून येतात.

पुढची गाडी आली. तरघर स्टेशन तेव्हा सुरू झालं नव्हतं, गाडी न थांबता पुढे गेली आणि आम्ही उलव्यातल्या बामणडोंगरीला उतरलो. ऑफिसातल्या मैत्रिणीची इमारत जवळच होती, तिच्या सातव्या मजल्यावरच्या गच्चीवरून धावपट्टी स्पष्ट दिसते असं ती म्हणाली होती. वर गेलो तर गच्चीला कुलूप. किल्ली कमिटीकडे, कमिटीतले कुणी फोन उचलेनात, आणि वॉचमन म्हणाला, "लेखी परवानगी लागते." मी हात जोडले. बहात्तर वर्षांचा माणूस, पंचवीस वर्षं हवाई दलात काढलेला, जिन्यात उभा आहे हो. तो बिचारा तरी काय करणार! पण त्या कुलपाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माणसांनी स्वतःच्याच डोक्यावरचं आकाश कुलपात का ठेवावं?

खाली आलो आणि रस्त्यात उभे राहून वर बघत होतो, तेव्हा समोरच्या दोनमजली घरातून एका बाईंनी विचारलं, "विमान बघायला आलात का? या ना वर." ओळख ना पाळख. त्यांच्या गच्चीवर आधीच दहाबारा माणसं होती, पोरं टाकीवर चढून बसली होती. बाबांसाठी प्लास्टिकची खुर्ची आली, पाणी आलं. बाईंचं मूळ घर कोंबडभुज्याचं. विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यातलं ते एक. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, गणेशपुरी, उलवे ही नावं त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. मग लांब हात करून म्हणाल्या, "तिकडं आमचं घर होतं. टेकडी पण होती, ती सुरुंग लावून उडवली." ज्यांचं घर त्या कुंपणात गेलं, त्यांच्याच गच्चीवर आम्ही विमान बघायला बसलो होतो. मला काय बोलावं ते सुचेना. त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणली, नवरात्राचा उपास होता. सगळ्यांनी घेतली. बाबांनी मात्र ताटली बाजूला ठेवली. "नंतर घेतो, ताई."

वाट बघताना बाबा बोलत राहिले. टाकीवरच्या पोरांपैकी एकाने विचारलं होतं, आजोबा, तुम्ही पायलट होता का? त्यावर बाबांनी त्याला खाली बोलावलं आणि पार १९३२ पासून सुरुवात केली. ८ ऑक्टोबरला हवाई दल स्थापन झालं, आणि पुढच्या वर्षी १ एप्रिलला कराचीच्या ड्रिग रोडला पहिली तुकडी उभी राहिली. चार वापिटी विमानं, सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही. "सहा जणांची नावं पुस्तकात सापडतात," बाबा म्हणाले, "त्या एकोणीस जणांची कुणी सांगत नाही. मी त्या एकोणीस जणांतला." पोराला ते कितपत कळलं कोण जाणे. मला कळलं.

मग ॲव्हरो. कानपूरला बनलेलं पहिलं ॲव्हरो १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं, त्याला 'सुब्रोतो' नाव दिलं होतं. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. याच जातीचं विमान बाबांनी नव्वदच्या दशकात सांभाळलं. उन्हाळ्यात बडोद्याची हवा इतकी तापायची की उड्डाणाला जोर कमी पडायचा, म्हणून इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण सोडावं लागे. त्या टाक्या भरायचं काम बाबांकडे. मागून उघडणारा रॅम्प ॲव्हरोला नव्हता, सामान बाजूच्या दारातून चढवावं लागायचं. "पाठ त्यानेच गेली," असं ते एरवी कधी म्हणत नाहीत, त्या दिवशी म्हणाले.

ॲव्हरोची जागा घ्यायला ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला सप्टेंबर २०२१ मध्ये. १६ स्पेनमधून तयार येणार, ४० बडोद्याला टाटांच्या कारखान्यात जोडली जाणार. पहिलं विमान आलं सप्टेंबर २०२३ मध्ये आणि ते मिळालं ११ नंबरच्या स्क्वाड्रनलाच. म्हणून ते कात्रण खिशात होतं.

पण एकाच जातीच्या विमानावर साठ वर्षं! हे मला सहन होत नाही. मिग-२१ या लढाऊ विमानाचंही तेच. १९६३ ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप मिळाला. तो सोहळा आम्ही टीव्हीवर बघितला. लोक त्याला 'उडती शवपेटी' म्हणायचे, बाबांना तो शब्द अजिबात चालत नाही. ते म्हणतात, विमान वाईट नव्हतं, त्याला रिटायरच होऊ दिलं नाही. त्याची जागा घ्यायला देशी बनावटीचं तेजस हवं होतं. १९८३ ला मंजुरी मिळाली, पहिलं उड्डाण २००१ ला आणि स्क्वाड्रन उभी राहिली २०१६ ला. लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत, मिग गेल्यावर २९ उरल्या. राफेल आली, ओझरला सुखोई बनली, तेजसच्या नव्या ऑर्डरी गेल्या, याचा मला अभिमान आहे. पण दिल्लीत फाइल रेंगाळते तेव्हा मधली वर्षं कुणीतरी जुन्या यंत्राखाली उताणं पडून भरून काढत असतं. बाबांच्या उजव्या अंगठ्याचं नख अर्धं आहे. ते कसं गेलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

विमान दिसायच्या आधी बाबा उठले. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी कठड्याला हात लावला, मान जराशी तिरकी केली, अगदी स्वयंपाकघरात आई हाक मारतेय का हे ऐकताना करतात तशी. म्हणाले, "डार्ट नाही हा. किती मऊ आवाज आहे." मग पोरं ओरडली. राखाडी रंगाचं, पंख वर असलेलं विमान इमारतींच्या मागून खाली येत होतं. आम्हाला धावपट्टीचा एक तुकडाच दिसत होता, आणि नेमकं त्या तुकड्यावर ते टेकलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाबांचे ओठ हलत होते, ते मनात सेकंद मोजत होते.

"थांबलंसुद्धा," ते म्हणाले. "बघ, एवढ्यात." ३,७०० मीटरची धावपट्टी आणि त्या विमानाला उतरायला तिचा लहानसा भाग पुरतो. हे कच्च्या, आखूड पट्ट्यांसाठी बनलेलं आहे. डोंगरात, सीमेवर, जिथे बाकी कुणी जाऊ शकत नाही तिथे जायचं आहे त्याला. पाण्याचे फवारे उडाले, त्याची सलामी आम्हाला पांढऱ्या धुरासारखी दिसली. मग सुखोई आलं. खाली येऊन, न टेकता, गच्ची हादरवून वर निघून गेलं. टाकीवरचा पोरगा कानावर हात ठेवून हसत होता. सगळे सुखोईकडे बघत होते, बाबा मात्र अजून त्या राखाडी विमानाकडेच.

"बाबा, बसा आता."

"इंजिन बंद झालं का?"

"इथून कसं दिसणार?"

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मला आठवलं, बडोद्याला विमान लांबच्या फेरीवर गेलं की बाबांचा डबा दुपारी न उघडता परत यायचा. आई चिडायची. ते म्हणायचे, आपण सोडलेलं विमान परत येत नाही तोवर घास उतरत नाही.

आवाज पूर्ण थांबला. बाबा खुर्चीवर बसले, रुमालाने चष्मा पुसला.

"ताई," ते म्हणाले, "आता द्या खिचडी."