चवथीनंतरचा हिशेब

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न दरवर्षी चवथ (गणेशचतुर्थी) सरली की येतो, शब्द थोडे बदलून: "बरोबरचा एक क्रूझवर कामाला गेला, एक पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेला, एकाला सरकारी नोकरी लागली. मी चार वर्षं गोव्यातच, वेर्ण्याला औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत). आपल्या कामात लक्ष कसं ठेवायचं?"

मनाची समजूत घालत बसू नका, आधी आकडे मांडा. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) सांगितला जातो तो पगार; हिशेब कुणी सांगत नाही. क्रूझचा करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, आणि मधल्या सुट्टीत बहुतेकांना पगार नसतो. समजा महिना ८०,००० रुपये, करार ८ महिन्यांचा, पुढचं जहाज मिळेपर्यंत अडीच महिने घरी. ६,४०,००० भागिले साडेदहा: महिन्याला ६१,००० च्या आतच. त्याचं राहणं-जेवण फुकट आणि करही बहुधा वाचतो, तेही त्याच्या बाजूला लिहा, नाहीतर हिशेब आपल्याच सोयीचा होतो. तुमच्या बाजूला मालकाने भरलेला बेसिकच्या १२ टक्के पीएफ लिहा. शिवाय ग्रॅच्युइटी. ती कायम नोकरीत पाच वर्षं सलग भरल्यावर मिळते: शेवटचा बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ३०,००० असेल तर पाच वर्षांचे ८६,५३८ रुपये. चवथीच्या गप्पा ऐकून चौथ्या वर्षी राजीनामा देणारा हे पैसे टेबलावर ठेवून उठतो.

पासपोर्टवाल्याचं गणित वेगळं. त्याच्या यशाची तारीख बघा. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत, म्हणजे ब्रिटनला युरोपीय संघाचे नियम लागू होते तोवर, पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये जाऊन सरळ कामाला लागता येत होतं. आता नव्याने जाणाऱ्याला व्हिसा लागतो. शिवाय भारतीय नागरिकत्व जातं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) मिळालं तरी त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तो ज्या दारातून गेला ते बंद झालंय, आणि आपण त्याच्या खोलीचे फोटो बघतोय.

सरकारी नोकरीबद्दल फार लिहीत नाही. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोकणी आवश्यक, मराठी 'इष्ट'. अर्ज जरूर भरा, पण निकाल लागेपर्यंत हातातलं काम सैल सोडू नका.

दुसऱ्याचं बघून वाट बदलली की काय होतं, हे गोव्याच्या खाणपट्ट्यात, डिचोली, सत्तरी, सांग्यात सांगावं लागत नाही. शेजाऱ्याच्या दारात टिपर (खनिज वाहणारा ट्रक) आला म्हणून कर्ज काढून टिपर घेतले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये ती उठली ती वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेवर. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाण लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प. आधी ट्रक घेतलेल्यांचे हप्ते फिटले होते. शेवटी घेतलेल्यांकडे ताडपत्रीखालचा ट्रक उरला आणि बँकेची नोटीस. बघून घेतलेल्या निर्णयाचा दोष हाच: दुसऱ्याचं यश दिसेपर्यंत ते बरंच जुनं झालेलं असतं.

आता स्वतःच्या कामाची वही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वीस मिनिटं, तीन ओळी: या महिन्यात पहिल्यांदा एकट्याने काय केलं, कुठे अडलं, ते कुणाला विचारणार. "खूप मेहनत घेतली" हे लिहायचं नाही, त्यातून काहीच कळत नाही. "एचपीएलसीचा कॉलम बदलून सिस्टम सुटॅबिलिटी स्वतः काढली" (म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र नीट चालतंय याची चाचणी) असं लिहा. क्यूसीत साधारण चढण अशी असते: आधी ठरलेल्या पद्धतीने सॅम्पल चालवणं, मग ओओएस (मर्यादेबाहेरचा निकाल) आल्यावर चौकशी लिहिणं, मग मेथड व्हॅलिडेशन (तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं), मग ऑडिटरच्या समोर बसून उत्तरं देणं. बहुतेकजण पहिल्या पायरीवर तीन वर्षं काढतात आणि त्याला अनुभव म्हणतात. वहीत सलग सहा महिने "पहिल्यांदा" ची ओळ कोरी असेल, तर मित्र कुठे पोचलाय याचा त्याच्याशी संबंध नाही. सुपरवायझरकडे जाऊन पुढचं काम मागायची वेळ झालीय. मागूनही वर्षभर मिळालं नाही तर कंपनी बदला, धंदा नव्हे. पगाराच्या दिवशी मात्र वही उघडू नका, त्या दिवशी ती तक्रारवही होते.

फोनचं थोडक्यात: ज्यांचे फोटो बघून रात्र खराब होते त्यांना इन्स्टाग्रामवर म्यूट करा. समोरच्याला कळत नाही, नातं तुटत नाही.

आणि प्रत्येक हेवा खोटा नसतो. कधीकधी खरोखरच दुसरं काम आवडत असतं. म्हणून चवथीत काहीही ठरवू नका. दिवाळीत नरकासुर जळेपर्यंत साधारण आठ आठवडे मिळतात. तेवढ्यात त्या कामातल्या तिघांना भेटा, आणि त्यातला एकजण ते काम सोडून आलेला असू दे. क्रूझचा विचार असेल तर एसटीसीडब्ल्यूच्या (जहाजावरच्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या) कोर्सची फी आणि सीडीसीचे (खलाशाच्या नोंदपुस्तकाचे) कागद स्वतः विचारून या, एजंटच्या तोंडून नको. एवढी पायपीट करूनही जावंसं वाटत असेल तर जा. फक्त राजीनाम्याची तारीख पाच वर्षं भरल्यानंतरची घाला.