नवव्या महिन्याची लस इथे धरत नाहीत

आम्ही राहतो त्या कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात नवव्या महिन्यात टोचलेली गोवराची लस धरत नाहीत. घेतली असेल तर असू दे, कुणाचा आक्षेप नाही, पण हिशेबात ती शून्य. पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर घेतली तीच पहिली. हे ज्ञान मला इथल्या आरोग्य विभागाकडून घरी आलेल्या एका पत्राने दिलं. मुलीची लसीकरणाची नोंद अपुरी आहे, अमुक तारखेच्या आत पूर्ण करा, नाहीतर तिला शाळेतून निलंबित करण्यात येईल, जास्तीत जास्त २० शालेय दिवसांसाठी. मुलगी सीनियर केजीत आहे. आपल्याकडे तलाठी निलंबित होतात, फार तर अभियंते. बालवाडीतलं निलंबन मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता तिच्या लसींचं ऐका. पहिली, एमआर म्हणजे गोवर-रुबेलाची, ठाण्यात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात. प्रायव्हेटमध्ये का नाही नेत म्हणून सोसायटीतल्या दोघीतिघींनी तेव्हा नाकं मुरडली होती. पण आईचा हट्ट, लस सरकारीच घ्यायची, तिथे ती पडून राहत नाही. ते केंद्र म्हणजे एक हॉल, भिंतीकडेने बाकडी आणि टेबलावर बर्फाच्या पिशव्या भरलेला निळा डबा. सिस्टरांनी लस कालवली आणि पेनाने कुपीवर वेळ लिहिली. का, तर ही लस एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. मग उजव्या दंडात सुई, तोंडात अ जीवनसत्त्वाचा पिवळट चमचा, आणि एका दमात चार गोष्टी: कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढची कधी, आणि येताना कार्ड आणायचं. अर्धा तास बसल्याशिवाय उठू देत नव्हत्या. एक आजोबा खाली रिक्षा थांबवून आले होते, ते चुळबुळ करायला लागले, तर सिस्टर म्हणाल्या, "रिक्षावाल्यालाही वर बोलवा, पंखा आहे."

दुसरी, एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची, पंधराव्या महिन्यात, नौपाड्यातल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे. आणखी एक चार ते सहा वर्षांच्या दरम्यान घ्यायची असते, त्याआधीच आमचं इकडे यायचं ठरलं. म्हणजे ठाण्याच्या हिशेबाने गोवराच्या दोन, ऑन्टॅरिओच्या हिशेबाने एक.

मी त्या आरोग्य विभागाला फोन केला तो भांडायच्या तयारीनेच. आईने गोदरेजच्या कपाटातून माता-बाल संरक्षण कार्ड शोधून, त्याच्या प्रत्येक घडीचा वेगळा फोटो काढून पाठवला होता. त्यातल्या दोन फोटोंत तिचा अंगठा होता. पलीकडची नर्स मात्र अशी निघाली की भांडण जमेचना. मराठी रकाने तिला कळत नव्हते तर ती म्हणाली, तुम्ही वाचा, मी लिहून घेते. बीसीजी, पेंटा, पोलिओ, रोटा, एकेक ओळ करत आम्ही अख्खं कार्ड वाचून काढलं. मग तिने नऊ महिन्यांचं कारण सांगितलं. आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि लसीतल्या विषाणूलाच आवरून धरतात. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरात साधारण ८५ बाळांना लागू पडते, वर्षानंतर दिलेली ९५च्या आसपास. म्हणून इथे पहिली वर्ष पूर्ण झाल्यावर.

मग आपल्याकडे नऊ का, हे मीच तिला सांगायला गेले. जिथे गोवर फिरत असतो तिथे वाढदिवसाची वाट बघत बसलात तर तो आधी गाठतो. म्हणून नऊला एक आणि उरलेल्या १५ बाळांसाठी १६ ते २४ महिन्यांत दुसरी. ती शांतपणे म्हणाली, बरोबर आहे, तुमच्याकडे तेच योग्य आहे. इतक्या समजूतदार माणसाशी भांडताही येत नाही. राग तसाच घरी राहिला आणि नवऱ्याच्या वाट्याला आला.

खरं तर माझा राग लसीवर नव्हता, आणखी एक डोस द्यायला माझी काहीच हरकत नव्हती. राग होता तो दुसऱ्याच एका कलमावर. ज्या कायद्याने ते पत्र आलं त्याच कायद्यात अशी सोय आहे की ज्यांना सदसद्विवेकबुद्धीमुळे किंवा धर्मामुळे मुलांना लस द्यायचीच नाही, त्यांनी एका माहितीसत्राला बसायचं, प्रतिज्ञापत्र करायचं, आणि मूल शाळेत. म्हणजे ज्याने एकही लस घेतली नाही त्याचा कागद पूर्ण, आणि जिच्या दंडावर दोनदा सुई टोचली गेली तिचा कागद अपुरा! साथ आली तर त्या मुलांना घरी बसवतात हे खरं. पण साथ आली तर म्हणजे काय? साथ तर दारात होती. मी हे मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात इतक्यांदा सांगितलं की शेवटी यजमानीणबाईंनी माझ्या हातात तिळगुळाचं ताट दिलं आणि वाटायला पाठवलं.

साथीचं तुम्हाला बातम्यांत दिसलं असेल किंवा नसेलही, तिकडे कॅनडा म्हटलं की व्हिसा आणि थंडी एवढंच छापून येतं. १९९८ मध्ये या देशाने गोवर घालवला होता. २०२४च्या ऑक्टोबरात तो परत शिरला, आणि लसीकरण कमी असलेल्या वस्त्यांत असा पसरला की २०२५ मध्ये देशभर ५,००० हून जास्त रुग्ण झाले, त्यातले २,००० हून जास्त आमच्या ऑन्टॅरिओत, आणि त्यातही आम्ही राहतो त्या नैर्ऋत्येकडच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. आईच्या पोटातच लागण झालेलं एक अपुऱ्या दिवसांचं बाळ दगावलं. प्रांतातली साथ ६ ऑक्टोबरला संपल्याचं जाहीर झालं, पण देशात एकच साखळी वर्षभर तुटली नाही, म्हणून १० नोव्हेंबरला कॅनडाचा गोवरमुक्तीचा दर्जा गेला. ज्या देशाने माझ्या मुलीची लस मोजली नाही, त्याचा दर्जा गेला. असं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं.

आणि या साथीत त्यांनी काय केलं असेल? आमच्या भागात सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना लवकरची एक लस द्यायला सांगितली! म्हणजे गोवर दारात आल्यावर यांनाही थांबायला वेळ नव्हता. मी लगेच त्या नर्सला फोन लावणार होते, नवऱ्याने फोन काढून घेतला. पुढची ओळ त्यानेच वाचून दाखवली: ही लस मोजली जाणार नाही, वर्षानंतर दोन घ्याव्याच लागतील. मग मी आपल्याकडचं शोधलं. २०२२च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला तेव्हा केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही हेच सांगितलं होतं. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस, आणि जिथे नऊ महिन्यांखालचे रुग्ण दहा टक्क्यांच्या वर आहेत तिथे सहा महिन्यांपासून. आणि हे डोस नेहमीच्या दोनांत धरायचे नाहीत. म्हणजे न मोजण्याची पद्धत आपल्याकडेही आहेच. हे मी हळदीकुंकवात सांगितलेलं नाही.

एका बाबतीत मात्र यांना हात जोडावेत. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि संरक्षण नसलेल्या दहांपैकी नवांना पकडतो. म्हणून इथे यादी लावतात. अमुक किराणा दुकान, अमुक तारीख, दुपारी २.१५ ते ६.४०. अमुक वॉक-इन क्लिनिकची प्रतीक्षा खोली, सकाळी इतके ते इतके. रोग्याचं नाव नाही, वय नाही, धर्म नाही, वस्ती नाही. फक्त जागा आणि वेळ, त्यात पुढचे दोन तास मिळवून. त्या वेळात तुम्ही तिथे होतात तर २१ दिवस अंगावर लक्ष ठेवा, लस झाली नसेल तर लगेच फोन करा, कारण संपर्कानंतर ७२ तासांच्या आत घेतली तर तीही उपयोगी पडते. मी रोज सकाळी चहा घेत ती यादी वाचायचे, पूर्वी आमचे आबा पेपरातली निधनवार्ता वाचायचे तशी.

आणि दुसरा नियम: पुरळ आलं, ताप आला तर दवाखान्यात सरळ जायचं नाही. आधी फोन करायचा. शेजारच्या तमिळ कुटुंबातल्या मुलाला पुरळ उठलं तेव्हा त्यांच्याबरोबर मी गेले होते. गाडीतच बसा म्हणाले. बर्फ पडत होता, आम्ही काचा वर करून बसलो होतो. थोड्या वेळाने मागच्या दाराने गाऊन आणि मास्क घातलेली एक बाई आली, खिडकीतून मुलाकडे बघितलं, आम्हा सगळ्यांना मास्क दिले आणि मागच्याच दाराने एका बंद खोलीत नेलं. बाहेर प्रतीक्षेत बसलेल्यांना आम्ही दिसलोही नाही. शेवटी ते गोवर नव्हतंच, कसलीतरी ॲलर्जी निघाली. पण तेव्हा मला ठाण्यातला आमच्या डॉक्टरांचा दवाखाना आठवला. संध्याकाळी सात वाजता, वीसेक माणसं, चपलांचा ढीग, आणि अंगभर पुरळ उठलेलं पोर कंपाउंडरच्या शेजारी बसलेलं, कारण त्याची आई म्हणाली, आधी आमचा नंबर घ्या. आणि नंबर घेतलाही जायचा, तोही दयेपोटी. साथ अशीच पसरते हे आता कळतंय.

तरी मी आपली बाजू सोडत नाही. आमच्या डॉक्टरांकडे संध्याकाळी गेलं की संध्याकाळीच औषध मिळतं. इथे लाखो लोकांना फॅमिली डॉक्टरच नाही, आम्हीही बराच काळ नावं नोंदवून बसलो होतो. आणि घरोघर जाणं जे आपण केलं ते यांना जमेल असं मला वाटत नाही. पल्स पोलिओच्या वेळी डाव्या करंगळीला शाई आणि दारावर खडूने खूण, घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की 'पी', कुणी राहिलं असेल तर 'एक्स', आणि 'एक्स'वाल्या दारावर बाया पुन्हा हजर. २०११च्या जानेवारीनंतर देशात जंगली पोलिओचा रुग्ण नाही, ते यामुळे. मान्य, २०१८च्या गोवर-रुबेला मोहिमेत आपल्याच शाळांतल्या पालकांनी व्हॉट्सॲपवरचं वाचून मुलांना त्या दिवशी घरी ठेवलं होतं. पण त्यांच्यामागे लागायला शिक्षिका होत्या, आशाताई होत्या. इथे पत्र येतं.

आई उन्हाळ्यात येणार आहे. तिने आधीच विचारलं, माझं लसीचं काही लागतं का? मी चौकशी केली. १९७० पूर्वी जन्मलेल्या मोठ्या माणसांना लहानपणीच गोवर होऊन गेला असणार असं इथे सर्वसाधारणपणे धरतात. तिला तो खरंच झाला होता, चाळीत, ओळीने पाच घरांत, दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला. मी म्हटलं, तुला कागद नको, जन्मतारीख पुरे. "म्हणजे माझ्यावर विश्वास आहे आणि नातीच्या शिक्क्यावर नाही," असं म्हणून ती जी हसत सुटली, तिचा तो हसण्याचा आवाज खाली वॉचमनपर्यंत गेला असणार.

मुलीची लस आता पूर्ण झाली आहे, निलंबनही टळलं. पण माझ्या या सगळ्या तक्रारींचा परिणाम भलताच झाला. भावाला टोरांटोच्या कंपनीकडून विचारणा आली आहे, आणि पाचपाखाडीत वहिनीचं बाळ पुढच्या महिन्यात नऊ पूर्ण करेल. परवा ती म्हणाली, ताई, तिकडे धरत नाहीत तर आता घेऊच नको ना? मी फोनवर ओरडलेच. बाळ ठाण्यात राहतंय, तिथला गोवर कॅनडाचा कायदा वाचून येणार नाही. नऊची नऊ महिने पूर्ण झाले की लगेच घे. फक्त इकडे यायचं नक्की असेल तर वर्षानंतरच्या लसीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोल, कारण सरकारी एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते आणि इथे शाळेला तीही लागते. नोंद इंग्रजीत मागून घे, शिक्क्यासकट, फोटो दोन ठिकाणी ठेव. आणि तारखेत महिना अक्षरांत लिहायला सांग, ०५/०६ लिहिलं की इथे कुणी पाच जून वाचतं, कुणी सहा मे.