क्विन्सी स्टेशन: शिकागोच्या लूपवरचं १८९७ साल

शिकागोत तीन दिवस होतो, त्यातली एक अख्खी दुपार मी एका रेल्वे स्टेशनावर घालवली. वेल्स स्ट्रीटच्या डोक्यावर लोखंडी खांबांवर उभं असलेलं हे क्विन्सी स्टेशन ३ ऑक्टोबर १८९७ रोजी उघडलं. खाली मोटारी, मधल्या मजल्यावर तिकीटघर आणि त्याच्याही वर फलाट. तिकीटघराच्या बाहेरच्या भिंती ठशाने नक्षी उमटवलेल्या पत्र्याच्या आहेत, पण दुरून कोरीव दगडच वाटतो. आत लाकडी छत आहे. तिथे दहा मिनिटं तरी थांबाच.

स्टेशनाइतकीच त्याच्या रुळांची कथा रंगतदार आहे. शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारा हा उन्नत रेल्वेमार्ग, म्हणजे लूप, चार्ल्स टायसन यर्कीज या उद्योगपतीने जुळवून आणला. रस्त्यावर रूळ उभारायचे तर रस्त्यालगतच्या निम्म्याहून अधिक जागेच्या मालकांची संमती लागे. व्हॅन ब्युरेन स्ट्रीटवरचे मालक काही बधेनात. मग यर्कीजने कागदावर मार्ग थेट नदीपलीकडे हॉल्स्टेड स्ट्रीटपर्यंत लांबवला, तिकडच्या मालकांच्या सह्या मिळवल्या आणि बांधला मात्र लूपला हवा तेवढाच तुकडा! खांबांमधून चालताना मला सारखं तेच आठवत होतं.

पुढे १९७०च्या दशकात हा सगळा लोखंडी सांगाडा पाडून भुयारी रेल्वे करायचं घाटत होतं. तो बेत १९७९ मध्ये बारगळला. लूपवरची बाकीची स्टेशनं बदलत गेली होती, क्विन्सीत मात्र मूळ रूप बरंच शिल्लक होतं. म्हणून १९८०च्या दशकात ते जुन्या थाटात दुरुस्त केलं गेलं. २०१८ मध्ये लिफ्ट आल्या, तेव्हा वयस्कर मंडळींनाही खुशाल घेऊन जा.

जिना चढण्याआधी दिशा ठरवा, कारण दोन्ही बाजूंचे फलाट वेगळे आहेत. इथल्या रेल्वेमार्गांना रंगांची नावं आहेत: पूर्वेकडच्या फलाटावर ऑरेंज आणि पिंक लाइन येतात, पश्चिमेकडे ब्राउन. मिडवे विमानतळावरून ऑरेंज लाइन थेट इथे आणून सोडते. व्हेंट्रा कार्ड (शिकागोच्या बस-रेल्वेचं भाड्याचं कार्ड) नसलं तरी टॅप होणारं बँकेचं कार्ड फाटकावर चालतं. बाहेर पडताना पुन्हा टॅप करावं लागत नाही. ऑफिसं सुटायची वेळ टाळा, गर्दीत नक्षी दिसत नाही.

आणि एक फेरी माराच. पूर्वेकडच्या फलाटावरून ऑरेंज पकडा, जमल्यास पहिल्या डब्यात पुढच्या काचेजवळ उभे राहा. वॉशिंग्टन-वेल्स स्टेशनानंतर लेक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर टॉवर १८ या सिग्नल केबिनपाशी चारी बाजूंचे रूळ एकमेकांना छेदतात आणि गाडी कर्कश आवाज करत उजवीकडे वळते. ॲडम्स-वॉबॅश स्टेशनला उतरा. त्याच फलाटावर पिंक लाइनची वाट पाहा. ती व्हॅन ब्युरेनवरून, त्या सह्यांच्या तुकड्यावरून, परत क्विन्सीला आणते.