बिझी सुटला एकदाचा!

शेतीपंपाची थ्री फेज वीज या आठवड्यात दिवसा की रात्री, ते प्रत्येक विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत दाखवणारी ई-पेपरची पाटी करतोय (ई-पेपर म्हणजे वीज काढली तरी चित्र टिकवणारा पडदा). मागच्या वेळी पडदा काही उमटवतच नव्हता, तिथे अडलेलं घोडं आता हललंय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या लॉटमधल्या २.९ इंची पॅनेलवर काल रात्री ‘थ्री फेज: रात्र पाळी’ अशी काळीभोर अक्षरं उमटली.

‘भंगार सोड, नवं मोड्यूल घे’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: नवं २.९ इंची मोड्यूल दीड-दोन हजारांच्या घरात जातं, आणि भाऊबंदांच्या धरून विहिरी बऱ्याच आहेत. २०२० च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर बंदी आली तेव्हापासून एखाद-दुसरं पॅनेल मागवायची सोयच गेली. थेट कारखान्याकडून घ्यावं तर कुरिअर आणि कस्टमचाच खर्च पॅनेलच्या वर. म्हणून ही मॉलमधल्या किमतीच्या पाट्यांतून काढलेली पॅनेल्स.

पॅनेलच्या रिबनवरचे (चपट्या केबलवरचे) नंबर घासलेले. व्यापारी म्हणाला, ‘सब सेम है.’ दिसायला खरंच सेम: २९६ बाय १२८, २४ पिनी, अर्ध्या मिलिमीटरची पिच. जीएक्सईपीडी२ या ई-पेपरच्या लायब्ररीत एसएसडी१६८० या कंट्रोलर चिपचा क्लास (त्या चिपसाठीचा कोड) लावला की सिरीयल मॉनिटरवर एकच रड, ‘बिझी टाइमआउट’. कनेक्टर बदलला, पॅनेल चालवणारा ईएसपी३२ बोर्ड बदलला, बीएस१ (जोडणीचा प्रकार ठरवणारी पिन) ग्राउंडला आहे का तेही पाहिलं. ढिम्म.

शेवटी कोड बाजूला ठेवून मीटर लावला. पॅनेलला फक्त रीसेटचा झटका दिला, एकही कमांड नाही, आणि बिझी पिन मोजली. ठाम ३.३ व्होल्ट. एसएसडी कुळातलं पॅनेल कामात असलं की बिझी वर नेतं आणि मोकळं झालं की खाली सोडतं. यूसी८१५१ या दुसऱ्या चिपच्या कुळात बरोब्बर उलटं. म्हणजे पॅनेल केव्हाचं मोकळं बसलेलं, आणि लायब्ररी त्याची वाट बघत ताटकळलेली! क्लास बदलला आणि पडदा फडफडला. मग तीच मीटरची युक्ती सगळ्या लॉटवर चालवून बसल्या जागी दोन ढीग केले. बिननंबरी पॅनेल घेणाऱ्याने एवढी एक तपासणी दुकानातच करावी.

पण अक्षरं फिकट, राखेच्या रंगाची. धागा इथेही तोच निघाला. पॅनेलची रिबन जोडायच्या अडॅप्टर बोर्डवर आरईएसई रेझिस्टरचा स्विच असतो, ०.४७ ओहम किंवा ३ ओहम. कॉइलमधून किती करंट जाऊ द्यायचा ते हा रेझिस्टर ठरवतो. एसएसडी समजून तो ३ वर ठेवलेला, त्यामुळे बूस्टचा व्होल्टेज पुरेसा चढतच नव्हता. ०.४७ वर सरकवला आणि पुढच्या रिफ्रेशला काळा रंग असा बसला की बास. हे अडॅप्टर बोर्ड महाग वाटतात, पण एक तरी घ्याच. पुढचे बोर्ड घरीच करीन. १० मायक्रोहेन्रीच्या कॉइल जळगावात गोलाणी मार्केटला मिळाल्या.

देवनागरीचं थोडक्यात: जीएफएक्स या चित्र काढायच्या लायब्ररीचे फाँट जोडाक्षरं नीट जुळवत नाहीत, म्हणून वार आणि पाळ्यांचे शब्द कॉम्प्युटरवर चित्र करून टाकलेत. अख्खा पडदा ४७३६ बाइटचा, जागेची चिंता नाही. शेजारचे नाना दोन्ही वायरी काढलेलं पॅनेल हातात घेऊन म्हणाले, ‘लाइट गई तरी दिखस का भो?’ आणि उन्हात नेऊन उलटसुलट बघत बसले.

उन्हावरूनच बेत फिरला. रात्र पाळी लाल रंगात दाखवायची होती, लॉटमध्ये तीनरंगी पॅनेल्स आहेतही. पण त्यांची रिफ्रेशची मर्यादा ४० अंशांपर्यंत, साध्या काळ्या-पांढऱ्यांची ५०. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ ला टेकतो, स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत तर विचारायलाच नको. त्यात लाल उमटायला पंधरा-पंधरा सेकंद लागतात. तेव्हा लाल बाद. रात्र पाळी काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत.

हे लिहिता लिहिता सुचलं: पाळी आठवड्याला बदलते, मग दिवसभर रिफ्रेश हवाच कशाला? पहाटे चारला, पेटी गार असताना, बोर्ड जागा करायचा, चित्र टाकायचं, परत डीप स्लीप (नावापुरती वीज खाणारी झोप). चित्र टिकायला वीज लागत नाही, आणि नुसतं पडून राहायला ही पॅनेल्स बरंच जास्त तापमान सोसतात. सोलर लावायचा आधीचा बेतही मग रद्द, एक १८६५० लिथियम सेल पुरे. तोही पेटीबाहेर, छपराच्या सावलीत.

मोडक्या किंडलचा पडदा सुचवणाऱ्यांना: मोडक्या किंडलमध्ये बहुतेक वेळा पडदाच फुटलेला असतो. आणि तो पॅरलल (एकदम अनेक तारांवरून डेटा घेणारा), त्याचा ड्रायव्हर बोर्ड वेगळा.

तीनरंगी पॅनेल्स कोणाला हवी असतील तर घेतल्या भावात देतो. नाशिक-पुण्याकडच्या घरात मजेत चालतील.