रुग्णालयाच्या दारात आइस: आधी सही कोणाची ते पाहा

आइस म्हणजे अमेरिकेत इमिग्रेशनचे कायदे राबवणारी, बेकायदा राहणाऱ्यांना पकडून हद्दपार करणारी केंद्रीय यंत्रणा. तिथे जानेवारी २०२५पर्यंत रुग्णालये, शाळा आणि प्रार्थनास्थळांत इमिग्रेशनची कारवाई शक्यतो टाळायची, असे केंद्राचे धोरण होते. पण तो कायदा नव्हता, होमलँड सिक्युरिटी खात्याचे परिपत्रक होते. खात्याने काढले, खात्यानेच मागे घेतले. तेव्हापासून रुग्णालयांना आधार आहे तो मनमानी झडती रोखणाऱ्या संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीचा, हिपा या गोपनीयतेच्या कायद्याचा आणि राज्याच्या नियमांचा. राज्यांची तोंडे मात्र दोन दिशांना आहेत.

कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२५मध्ये सिनेट बिल ८१वर सही झाली आणि ते त्याच दिवशी लागू झाले. कार्यपद्धती बदलायला रुग्णालयांना ४५ दिवस मिळाले. सर्वांसाठी खुला नसलेला भाग कुठे सुरू होतो हे ठरवून ठेवायचे आणि न्यायालयाचे वॉरंट किंवा आदेश नसेल, तर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना कायद्याच्या मर्यादेत शक्य तितके तिथे येऊ द्यायचे नाही. रुग्णाचे जन्मस्थान आणि इमिग्रेशनची स्थिती ही आता त्या राज्यात गोपनीय वैद्यकीय माहिती ठरते. या कायद्यातले सर्वांत दमदार कलम माझ्या मते हेच. दार अडवणे एका दिवसाचे काम, कागद वर्षानुवर्षे राहतो.

फ्लोरिडात उलट. २०२३च्या कायद्यानुसार मेडिकेड (कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) घेणाऱ्या रुग्णालयाने नोंदणीच्या फॉर्मवर इमिग्रेशनची स्थिती विचारलीच पाहिजे. टेक्सासमध्ये राज्यपालांच्या आदेशाने १ नोव्हेंबर २०२४पासून अशी माहिती गोळा होते. पण दोन्हीकडे राज्याला जातात ते एकत्रित आकडे, नावांची यादी नव्हे. उत्तर काहीही असले तरी उपचारात फरक पडणार नाही, हे रुग्णाला कळवावे लागते, आणि फ्लोरिडात तर ‘सांगायचे नाही’ हाही पर्याय फॉर्मवर असतो. गडबड होते ती नोंदणी करणारा घाईत हे वाक्य गाळून फक्त प्रश्न विचारतो तेव्हा. रुग्ण उठून निघून जातो. आणीबाणीत तपासणी करून प्रकृती स्थिर करण्याचे बंधन १९८६च्या एम्टाला कायद्याने कायम आहे, पण निघून गेलेल्याला त्याचा काय उपयोग?

आता कागद. आइसचे अधिकारी बहुतेकदा दाखवतात तो फॉर्म आय-२०० किंवा आय-२०५. वर ‘वॉरंट’ लिहिलेले असते, पण खाली सही इमिग्रेशन अधिकाऱ्याची. रुग्णालयाच्या आतल्या भागात शिरायला ही सही पुरत नाही. न्यायालयाच्या वॉरंटवर माथ्याशी न्यायालयाचे नाव असते, उदाहरणार्थ यूएस डिस्ट्रिक्ट कोर्ट, आणि सही न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची. एक फसवी जागा म्हणजे ‘इमिग्रेशन जज’. हे न्यायखात्याचे कर्मचारी. त्यांचा हद्दपारीचा आदेश म्हणजे झडतीचे वॉरंट नव्हे. वॉरंट खरे असले तरी पत्ता, झडतीची नेमकी जागा आणि मुदत वाचा. केंद्रीय झडती वॉरंट जास्तीत जास्त १४ दिवसांत बजावावे लागते आणि खास परवानगी नसेल तर सकाळी ६ ते रात्री १० याच वेळेत. अटकेचे वॉरंट आणि झडतीचे वॉरंट यांतला फरक वकिलाला करू द्या. काउंटरवरच्या माणसाने त्यात पडू नये. त्याचे काम एवढेच: कागदाची प्रत घ्यायची, अधिकाऱ्याचे नाव व बॅज क्रमांक टिपायचा, ठरवलेल्या व्यक्तीला फोन करायचा आणि म्हणायचे, ‘आत सोडण्याचा अधिकार मला नाही.’ ही व्यक्ती रात्री तीन वाजताही फोन उचलणारी हवी. ठेकेदाराच्या सुरक्षारक्षकांना हे शिकवायचे हमखास राहून जाते, आणि दाराशी पहिल्यांदा उभे असतात तेच.

लॉबी, प्रतीक्षाकक्ष, पार्किंग सर्वांना खुले, तिथे आइसच्या अधिकाऱ्यांना थांबता येते. चूक होते ती सौजन्यापोटी: कर्मचारी कार्ड लावतो, दार धरून ठेवतो, आणि हीच संमती होती असे नंतर म्हटले जाते. दुसरी चूक फोनवरची. नाव घेऊन कोणी विचारले तर रुग्ण कुठे आहे आणि त्याची प्रकृती ढोबळमानाने कशी आहे, हे सांगायला हिपाची आडकाठी नाही, पण रुग्णाने रुग्णालयाच्या चौकशीच्या यादीत नाव नको असे सांगितले असेल तर तेही सांगता येत नाही. म्हणून भरती करतानाच प्रत्येकाला विचारा. मोजक्यांनाच विचारलेत तर तीच खूण होते. न्यायाधीशाच्या सहीविना आलेल्या समन्सबाबत हिपा काही अटींवर माहिती ‘देता येईल’ म्हणतो, ‘द्यावेच लागेल’ असे नाही. आइसला ते अमलात आणायचे तर न्यायालयात जावे लागते. म्हणून ते थेट वकिलाकडे पाठवा.

चार्टमध्ये ‘अनडॉक्युमेंटेड’ (राहण्याची अधिकृत कागदपत्रे नसलेला) लिहू नका. निदानाला त्याची गरज नसते. इमर्जन्सी मेडिकेडच्या अर्जासाठी माहिती लागली तर ती आर्थिक समुपदेशकाच्या कागदांतच राहू द्या. खाटेशेजारचा उघडा स्क्रीन आणि दारावरची नावाची पाटी यांकडेही बघा.

अडवायचे मात्र नाही. अधिकारी नकार न जुमानता आत गेले तर ‘आमची संमती नाही’ असे मोठ्याने सांगा, वेळ लिहून ठेवा आणि बाजूला व्हा. रुग्णाला लपवणे, मागच्या दाराने काढणे किंवा खोटे बोलणे हा केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. गप्प राहणे हा गुन्हा नाही.