हे पाणी तुळशीला चालेल का?

“ताई, टाकीतलं हे पाणी तुळशीला घातलं तर चालेल का?”

आप्पांचा हा फोन आला तेव्हा मी मुलुंडला एका दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवून उभी होते. लोकांच्या अशा टाक्या सांभाळणं हे माझं काम. दुपारचे साडेबारा वाजले होते. खारं पाणी तुळशीला घालू नका, ती जळेल, असं सांगता सांगताच माझ्या पोटात गोळा आला. आप्पा पाणी काढतायत कशाला?

“गेला तो,” आप्पा म्हणाले. तो म्हणजे त्यांच्या टाकीतला मॅन्टिस श्रिम्प, दोन इंचांचा कवचधारी समुद्री जीव. “सकाळी काचेपाशी पडलेला दिसला. ओंकार रडत शाळेत गेला. आठ वाजताच मी सगळी बटणं बंद केली. पोरगा घरी यायच्या आत टाकी रिकामी करून ठेवतो.”

“तो कुठाय आत्ता?”

“पेपरात गुंडाळलाय. संध्याकाळी कुंडीत पुरू म्हटलं.”

“उघडा जरा. हातावर घ्या. वजन लागतं का?”

कागदाची सळसळ ऐकू आली. मग आप्पा सावकाश म्हणाले, “नाही गं. कांद्याच्या सालीसारखा आहे.”

“आणि डोळे?”

“डोळे आहेत. पण आरपार दिसतंय त्यांतून.”

“आप्पा, ती कात आहे. तो दगडात आहे. आता मी सांगते तेवढंच करा.”

हवेचा पंप तेवढा लावायला सांगितला. फिल्टरला हात लावू नका, असं दोनदा बजावलं. बंद फिल्टरमध्ये साडेचार तास साचलेलं पाणी सडायला लागलेलं असतं. स्पंजावरच्या जिवाणूंना प्राणवायू मिळालेला नसतो. तो तसाच सुरू केला तर आतली सगळी घाण थेट टाकीत येते. पाणी किती काढलंत, विचारलं. “दोन बादल्या. निम्मं.” बादल्या कुठल्या, विचारलं. एक स्वच्छ होती. दुसरी लादी पुसायची, फिनेलची. तिच्यातला थेंबही परत टाकीत जाऊ देऊ नका म्हटलं, दवाखान्यातल्या डॉक्टरांना दोन वाक्यांत कारण सांगितलं आणि गाडी काढली. वीस-वीस लिटर खाऱ्या पाण्याचे दोन कॅन गाडीत कायम भरलेले असतात. त्या दिवशी त्यांचं चीज झालं.

शिळफाट्याला ट्रॅफिक तुंबलेला. स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या बसल्या एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. कात टाकण्याबद्दल मी आप्पांच्या मुलाला सगळं सांगितलं होतं, पण तो महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर असतो. टाकीसमोर रोज बसतात ते आप्पा, आणि त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

हा प्राणी त्या घरात आला तोही न बोलावता. डोंबिवलीच्या त्या घरी आधीपासून खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती, त्यात क्लाउनफिशची जोडी. खऱ्या प्रवाळाला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे मी कुणाच्याच टाकीत प्रवाळखडक घालत नाही, सिरॅमिकचे दगड वापरते. आप्पांच्या मुलाने टाकी बंद करणाऱ्या एकाकडून असे जुने दगड घेतले. महिनाभरात टाकीतल्या गोगलगाई कमी व्हायला लागल्या आणि वाळूत फुटक्या शंखांचे तुकडे दिसायला लागले. आप्पांना रात्री झोप कमी. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं, “ताई, दोन-अडीचच्या सुमाराला टाकीतून टक असा आवाज येतो. एकदाच येतो, पण खणखणीत.”

तो दगड शोधायला मला दोन रात्री लागल्या. बाहेर काढून बादलीवर आडवा धरला आणि भोकात खाऱ्या पाण्याची पिचकारी मारत राहिले. शेवटी हिरवट रंगाचा, जेमतेम दोन इंचांचा मॅन्टिस श्रिम्प घसरत बादलीत पडला. नावात श्रिम्प असलं तरी ही कोळंबी नव्हे, कवचधाऱ्यांतली वेगळीच शाखा आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरच्या जाळ्यात येतात ते बहुतेक काटेरी हातांचे, भोसकणारे. हा ठोसा मारणारा होता. याच्या हाताच्या टोकाला गदेसारखी गाठ असते. २००४ मध्ये शीला पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या मोठ्या नातेवाइकाचा, पीकॉक मॅन्टिसचा ठोसा अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. हात इतक्या वेगाने सुटतो की पाण्यात बुडबुडे तयार होतात, आणि ते फुटताना शंखाला दुसरा तडाखा बसतो.

घरातल्यांचा पहिला प्रश्न होता, काच फोडेल का? १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रेट यारमथच्या मत्स्यालयात एका मोठ्या मॅन्टिसने टाकीची काच तडकवल्याच्या बातम्या आल्या होत्या. दोन इंचांच्या जिवाकडून ती भीती नाही, असं मी सांगितलं. दुसरा प्रश्न ओंकारचा. “मारणार का त्याला?” त्यावर आप्पाच म्हणाले, “आपल्या घरी आलाय तो. वेगळी खोली देऊ त्याला.”

मग दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी केली. पाणी साठेक लिटर. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ, घनता १.०२५. दिवा मंद, कारण झगझगीत उजेडात हे प्राणी कवचाच्या रोगाने खंगतात. औषधात तांबं असेल तर ते घरातसुद्धा ठेवायचं नाही, तांब्याने हा मरतो. उन्हाळ्यासाठी पाण्यावर छोटा पंखा लावला. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे आप्पांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं. पाण्यातला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावेपर्यंत पाच आठवडे लागले. तोवर तो मोठ्या टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, आपल्या दगडातच राहिला.

अशा टाकीत माझं सगळं लक्ष बिळाकडे असतं. लांबीला जनावराच्या दुप्पट तरी हवं, रुंदीला कोलांटी मारून उलटं वळता येईल इतपतच. मी पीव्हीसीचा पाइप मापात कापून, कडा घासून बसवला. त्याने पाइपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीत सोडल्याबरोबर तो जुना दगड शोधून त्याच भोकात शिरला. आप्पा बाजारातून जिवंत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणायचे, मिठाच्या पाण्यात धुऊन एक-एक टाकायचे. तो त्या फोडून खायचा आणि शिंपल्यांचे तुकडे दाराशी रचून ठेवायचा. रात्री दार लावायचा, सकाळी उघडायचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यात आप्पांनी ३४ वर्षं काढलेली, त्यामुळे वहीत वेळेसकट नोंद व्हायची. “६.४० दार उघडलं.” “७.१५ तिसरी फोडली, तीन ठोसे.”

मी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. आप्पा खुर्चीत, समोर निम्मी टाकी, हवेचे बुडबुडे चालू. पाणी दगडाच्या भोकाच्या जेमतेम दोन बोटं वर होतं. आणखी एक बादली निघाली असती तर भोक उघडं पडलं असतं. आधी अमोनिया तपासला. पिवळा राहायला हवा तो रंग किंचित हिरव्याकडे झुकला होता. पाण्याचं तापमान २९.५. फिल्टरमधलं साचलेलं पाणी फेकलं, स्पंज कॅनमधल्या पाण्यात पिळून पुन्हा बसवला, पंखा लावला. मग पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून कॅनमधलं पाणी थेंब थेंब सोडलं. नुकती कात टाकलेलं जनावर मऊ असतं, पाण्यातला अचानक बदल त्याला झेपत नाही. टाकी भरायला अडीच तास लागले.

तेवढ्या वेळात मी आणि आप्पांनी ती कात पांढऱ्या बशीत पाण्यावर तरंगवून पाहिली. इतकी पूर्ण कात मला क्वचितच पाहायला मिळाली आहे. शेपटीचे काटे, पोटाखालचे झुपकेदार पाय, दुमडलेले दोन्ही हात आणि त्यांच्या टोकाच्या पोकळ गदा. डोळ्यांवरचं आवरणसुद्धा जसंच्या तसं, दोन टपोरे रिकामे मणी. पाठीकडे फट होती, तिथून तो बाहेर पडलेला. आप्पा मूळचे देवगडचे. बराच वेळ बघून म्हणाले, “कुर्लीची कात लहानपणी किती पाहिली असेल मी. सकाळी माझ्या डोक्यातच आलं नाही गं. पोरगं रडत होतं ना.” मी म्हटलं, “आप्पा, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.” सहा दिवस आधीच्या पानावर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, “दार बंद. दुपारीही उघडलं नाही. खाल्लं नाही.” यातली प्रत्येक गोष्ट कात येत असल्याची खूण होती. वाचणारं कुणी नव्हतं.

तो आत जिवंत आहे का, हे मात्र अजून कळलं नव्हतं. भोकात काडी घालून बघायचा मोह होतो. मऊ अंगाला काडी लागली तर जखम होते, म्हणून घालायची नाही. ओंकार शाळेतून आला, दप्तरासकट खाली बसला. मी खोलीतले दिवे घालवले आणि बॅटरीवर लाल कागद गुंडाळून बाजूने उजेड पाडला. सातच्या सुमाराला शिंपल्याचा एक तुकडा आतून हलला. मग आणखी एक. फटीतून दोन डोळे आले, एक आमच्याकडे, दुसरा भलतीकडेच वळलेला. आणि त्याने दोन्ही हात फाकवून आतले पिवळसर ठिपके दाखवले.

१९८३ मध्ये स्टेगर आणि कॉल्डवेल या संशोधकांनी लिहून ठेवलं आहे की नुकती कात टाकलेला मॅन्टिस असा अंगावर आल्याचा आव आणतो. त्या मऊ हातांनी ठोसा मारला तर त्याचेच हात मोडतील, पण शेजाऱ्याला ते ठाऊक नसतं आणि बीळ वाचतं. ओंकारला हे सांगितलं तर तो दोन हात मागे सरकला आणि कुजबुजला, “घाबरलो आम्ही, घाबरलो.” मी बॅटरी विझवली.

आठवडाभर तिसरी टाकायची नाही, कोळंबीचा बारीक तुकडा चिमट्याने दाराशी ठेवायचा, घेतला नाही तर तासाभरात उचलायचा, हे या वेळी आप्पांनाच समोर बसवून सांगितलं. अमोनिया रोज तपासायचा. मी निघताना ते वही घेऊन बसले होते. सकाळी आठ वाजता त्यांनी त्या पानावर आडवी रेघ मारून ठेवली होती. तिच्याखाली त्यांनी लिहिलं, “७.०५ संध्याकाळी. तापमान २७. घनता १.०२५. दार आतून हलवलं.”